सहा नंबरचा माग कोणी थांबवला

कोणी मानणार नाही, आणि न मानणाऱ्याला दोषही देता येणार नाही, पण बुऱ्हाणपुरात एका रविवारी भर सकाळी एकशे चाळीस शहाण्यासुरत्या माणसांनी पडद्यावरचा माग थांबवायला हात पुढे केले. पडदा भिंतीला, माणसं खुर्च्यांवर, मधे चांगलं वीस हात अंतर. तरी हात पुढे. मोतीलाल ही हकीगत सांगत तेव्हा एकशे चाळीसचे चारशे होत आणि त्यांतले दोघे बेशुद्धही पडत, पण तिकडे लक्ष द्यायचं कारण नाही. मोतीलालांच्या मापाने मोजायला गेलं तर तापीचाही समुद्र होईल. याच गृहस्थांनी सांगून ठेवलं होतं की तरुणपणी ते महापुरात केळीच्या खांबावर बसून राजघाटावरून पलीकडे गेले, आणि पलीकडच्या काठाला लागेपर्यंत खांबाला घड येऊन पिकलाही होता. अर्धा त्यांनी खाल्ला, अर्धा नावाड्यांना वाटला.

तर असा माणूस. वय पंच्याहत्तर. चाळीस वर्षं सिंधीपुऱ्यातल्या कारखान्यात माग चालवलेला, त्यामुळे कान अर्धे गेलेले आणि आवाज दुप्पट झालेला. बायकोच्या कानात काही सांगायचं म्हटलं तरी चार घरांना ऐकू जाई. आणि या माणसाच्या नातीने, म्हणजे लेकीच्या लेकीने, तृप्तीने, सिनेमा काढला होता.

सिनेमा म्हणजे काही मोठा नव्हे. एकावन्न मिनिटांचा, सगळाच्या सगळा मोबाइलवर घेतलेला. तृप्ती आठवडाभर केळीच्या एका व्यापाऱ्याकडे बसून कोणता ट्रक कुठवर पोचला ते कॉम्प्युटरवर बघायची आणि सुट्टीच्या दिवशी एका बंद पडलेल्या कारखान्यात जाऊन शूटिंग करायची. नाव ‘सहा नंबर’. त्यात सोंग असं घेतलं होतं की हा सिनेमाच नाही. भंगारात निघालेल्या सुताच्या पोत्यात कुणाचा तरी मोबाइल सापडला, आणि त्यात जे होतं ते आम्ही जसंच्या तसं दाखवतोय. म्हणून चित्र हलतं, मधेच बोट आडवं येतं, धरणाऱ्याचा श्वास ऐकू येतो आणि संगीत औषधालाही नाही. असे भुताचे सिनेमे परदेशात कधीचे निघतात, हे तिने आजोबांना समजावून सांगितलं, तेव्हा मोतीलाल म्हणाले, मग त्यात नवीन काय? बनवलेली गोष्ट सापडली म्हणून सांगायची, ही तर माझी जुनी रीत आहे. तुझ्या परदेशवाल्यांनी कुठून उचलली ते शोध.

गोष्ट अशी. एका मुलीला जुने सहा माग विकायचे असतात, म्हणून त्यांचा व्हिडिओ काढायला ती कारखान्यात जाते. तिथला म्हातारा चौकीदार, हे काम अर्थातच मोतीलालांचं, तिला बजावतो की बाकीच्यांना हात लाव, सहा नंबरला लावू नको. त्याची तार, म्हणजे सुताचा धागा, तुटली तरी जोडू नको. जो गाठ मारेल तो त्या मागाचा झाला. त्याला मग जेवायची सुट्टी नाही आणि घरही नाही. असा काही नियम बुऱ्हाणपुरात कधी कुणी ऐकला नव्हता. मोतीलालांनी तो शूटिंगच्या दिवशी चहा निवेपर्यंतच्या वेळात बनवला होता. पुढे दुपारचे बारा वाजतात, लाइट जाते, आजूबाजूचे सगळे कारखाने गप्प होतात, आणि सहा नंबरचा माग आपला आपण चालू होतो. थोड्या वेळाने त्याची एक तार तुटते.

आता बाहेरगावच्या माणसाला यात घाबरायचं काय, ते कळणार नाही. तार तुटली तर तुटली. पण ज्याचा जन्म मागावर गेला त्याला विचारा. तार तुटून माग चालत राहिला की कापडात फाट पडते, ती हाताहाताने लांबत जाते आणि सगळं थान वाया जातं. म्हणून तुटलेली तार दिसली की डोक्याच्या आधी हात निघतो. आधी हँडल ओढून माग थांबवायचा, मग गाठ मारायची. शेजारच्या कारखान्यातली तार तुटलेली दिसली म्हणून वरातीतून उठून गेलेले नवरदेव या गावात आहेत. निदान मोतीलालांच्या म्हणण्यानुसार आहेत.

सिनेमा दाखवायला समाजाचं सभागृह मिळालं, तेही सकाळी अकराला, कारण संध्याकाळी तिथे साखरपुडा होता. खिडक्यांतून ऊन येत होतं. तृप्तीने केळीच्या घडांवर घालतात त्या निळ्या पिशव्या मागवून काचांना चिकटवल्या. पडदा म्हणून कोरं कापड ताणून लावलं. लोक आले. तिकीट नव्हतं, त्यामुळे खूपच आले. मागवाले, त्यांच्या बायका, तापीपलीकडचे दोन-चार केळीवाले, आणि ज्यांना नुसता पंखा हवा होता असे म्हातारे.

पहिली चाळीस मिनिटं लोकांनी आपापली मतं तिथल्या तिथे दिली. बुऱ्हाणपुरात सिनेमा संपेपर्यंत मत राखून ठेवायची पद्धत नाही. एकाने विचारलं की भूत दुपारी बाराला येतं का, त्याला काय जेवायचं नसतं? मागवाल्यांचं लक्ष वेगळीकडेच होतं. मेन स्विच खाली पडलेला दाखवलाय आणि पट्टा तर फिरतोय, म्हणजे मोटर चालू आहे, फसवू नका, असं तिसऱ्या रांगेने जाहीर केलं. एक बाई शेजारणीला सांगत होती की ही पोरगी पळतानासुद्धा मोबाइल सोडत नाही, अगदी आमच्या सुनेसारखी. मोतीलाल पडद्यावर आले तेव्हा कुणी तरी म्हणालं की हे तर रोज फुकट दिसतात, यासाठी पडदा कशाला लावला. मोतीलाल पहिल्याच रांगेत होते. त्यांनी उठून सगळ्यांना नमस्कार केला.

आणि मग तार तुटली.

माग चालत राहिला. खट्टाखट्, खट्टाखट्. कापडात बारीकशी फाट पडली. मोबाइल धरणारी मुलगी जागची हलली नाही. फाट बोटाएवढी झाली, वितीएवढी झाली. मागच्या रांगेतून कोणी तरी हळूच म्हणालं, तार. मग दोन-तीन आवाज आले. मग अख्खं सभागृह उभं राहिलं. ओरडा झाला की अगं थांबव, हँडल ओढ, काय बघत बसलीस. मोतीलालांनी मागे वळून पाहिलं तर माणसांचे उजवे हात पुढे आलेले, बोटं वळलेली, जणू प्रत्येकाच्या पुढ्यात एक हँडल आहे. ज्यांनी वीस वर्षांपूर्वी माग सोडला होता त्यांचेही. पोट सुटलेल्या एका सराफाचाही, कारण त्याचा बाप मागवाला होता. तेवढ्यात खट्टकन आवाज झाला, पडदा काळा पडला आणि ट्यूबलाइट लागल्या. भिंतीवरच्या स्विचबोर्डाजवळ निंबा उभा होता.

निंबा हा समाजाच्या समितीचा सचिव. नोकरीत असताना जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. सहा कारखान्यांचे माग नुसत्या आवाजावरून ओळखायचा. माणूस तसा सरळ, पण एकदा बोललेला शब्द मागे घ्यायची वेळ आली की त्याला दाढ दुखल्यासारखं होई. तो म्हणाला की बास झालं, सभागृहात दंगा नको, सिनेमा बंद. शेवटची नऊ मिनिटं राहिली ती राहिलीच.

बाहेर ओट्यावर लोकांनी उरलेली मतं दिली. चित्र इतकं हलतं की मळमळलं. भूत दाखवलंच नाही, नुसता माग दाखवला, माग बघायला सिनेमा कशाला हवा. गाणं नाही. हसवणारा कुणी नाही. रितेश म्हणून एक पोरगा मोबाइलवर सिनेमांची परीक्षणं टाकतो. इंदूरला दोन वर्षं राहून आल्यापासून तो मराठी बोलायचं म्हटलं तरी हिंदीत सुरू होतो. त्याने त्याच दुपारी सांगून टाकलं की ‘सहा नंबर’ला पाचपैकी एक स्टार, और वो भी निळ्या पिशव्यांसाठी. पब्लिक इतनी बोर झाली की अर्ध्यातून उठली.

हेच वाक्य गावभर झालं. पब्लिक उठली. तृप्तीला भेटणारा प्रत्येक जण हळहळून सांगू लागला की पोरी, मेहनत दिसते, पण लोक उठले ना अर्ध्यातून. तीही पहिले दोन दिवस हेच धरून बसली होती. लोक आपल्यावर ओरडले, आपल्याला थांबव म्हणाले, असंच तिला वाटत होतं. तिने कधी माग चालवला नव्हता. मोतीलालांनी तिला समजावून पाहिलं की अगं, ते तुझ्यावर नाही ओरडले, सहा नंबरवर ओरडले. ते कंटाळून उठले नाहीत, माग थांबवायला उठले. पण मोतीलालांची अडचण ही होती की ते खरं बोलले तरी ऐकणाऱ्याला आधी केळीचा खांबच आठवे.

“आबा, माझं मन राखायला नका बनवू काही,” ती म्हणाली. म्हातारा पहिल्यांदाच खरं बोलला होता आणि पहिल्यांदाच त्याला वाईट वाटलं.

मंगळवारी निंबा स्वतः घरी आला. सिनेमाची पेनड्राइव्ह त्या गोंधळात सभागृहातच राहिली होती, ती त्याने कागदात गुंडाळून आणली होती. कपाटात पडून होती, म्हणाला, हात लावला नाही, हात लावण्यासारखं त्यात असेल असं वाटलंही नाही. तृप्तीने पुढच्या रविवारी पुन्हा सभागृह मिळावं म्हणून अर्ज दिला होता. त्यानंतर लग्नसराई सुरू होणार होती, मग चार महिने तिथे पाऊल ठेवायला जागा नव्हती, आणि तोवर लोकांच्या डोक्यातून सहा नंबर निघून गेला असता. त्या अर्जावर निंबाने तीन अटी सांगितल्या. दोन गाणी घाल. भूत दुपारी नको, रात्री आण. आणि शेवटी देवीने येऊन पोरीला सोडवलं पाहिजे, म्हणजे बायका-मुलं निश्चिंत घरी जातील.

तृप्तीने सगळं ऐकून घेतलं. मग पाण्याचा पेला निंबापुढे ठेवला आणि म्हणाली, “काका, तुम्ही दुरुस्त केलेल्या मागात कुणी तिसऱ्याने येऊन दोन खिळे ठोकले असते, तर चाललं असतं तुम्हाला?”

“तो माग चालायचा, बेटा. तुझा सिनेमा चालला नाही.”

“चालत होता. तुम्ही बंद केला. शेवटच्या नऊ मिनिटांसाठी मी आधीची बेचाळीस काढली, आणि ती नऊ मिनिटं या गावात कुणी बघितलीच नाहीत. न बघता नावं ठेवता. एक सेकंद बदलणार नाही मी. गाणं नाही, रात्र नाही, देवी नाही.”

निंबा पाणी प्यायला नाही. मोबाइलवर टाक मग, म्हणाला, ज्याला बघायचं तो बघेल. त्यावर ती म्हणाली की मोबाइलवर लोक फोडणी घालता घालता बघतात, तिथे शांतता ऐकू येत नाही. शांतता ऐकायला सगळ्यांनी एका खोलीत बसावं लागतं. हे निंबाला कळलं नसावं, कारण तो चपला घालून निघून गेला. मोतीलालांना मात्र एक गोष्ट दिसली. ‘शांतता’ म्हटल्यावर निंबाचा हात चपलेच्या पट्ट्यावर थांबला होता.

शांततेचं असं आहे की बुऱ्हाणपुरात सिंधीपुऱ्याकडची लेकरं मागाच्या आवाजात झोपतात आणि आवाज थांबला की रडत उठतात. लाइट गेली की आधी पाळणे हलायला लागतात. मोठ्या माणसांचंही आत कुठे तरी तसंच असतं, पण मोठी माणसं कबूल करत नाहीत. तृप्तीने हे कुठे लिहून ठेवलं नव्हतं, पण सिनेमात नेमकं तेच धरलं होतं. सगळ्या जगाच्या सिनेमांत भीती वाटायला आवाज मोठा करतात. हिने बंद केला होता.

बुधवारी निंबाची बायको कोकिळाबाई भाजीच्या गाडीपाशी भेटल्या. मोतीलालांनी सहज विचारलं की काय म्हणतात आमचे सचिवसाहेब? कोकिळाबाईंनी इकडे-तिकडे बघून सांगितलं की भाऊ, काय सांगू, रविवारपासून यांचं काही खरं नाही. दुपारी जेवायच्या सुट्टीत गल्लीतले माग थांबले की ताटावरून उठतात आणि अंगणात येऊन उभे राहतात. माग पुन्हा सुरू झाले की मग जेवतात. सोमवारी तर दुपारभर कॉम्प्युटर आहे त्या आतल्या खोलीचं दार लावून बसले होते. विचारलं तर म्हणाले, हिशेब लिहू राहिलो. पेन तर बाहेर टीव्हीवर पडलेलं.

मोतीलाल ‘हं’ म्हणाले आणि त्यांनी अर्धा किलो वांगी घेतली, जी त्यांच्या घरात कुणीच खात नाही. त्यांचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. रविवारचा तो स्विचबोर्ड त्यांच्या डोळ्यांपुढे आला. एकशे चाळीस जणांनी हवेत हात पुढे केले होते. एकट्या निंबाच्या हाताला खरोखरची खटकी लागली होती. तो सिनेमा बंद करायला उठलाच नव्हता. त्याने माग थांबवला होता. आणि थांबवल्यावर पुढे काय झालं हे कळल्याशिवाय ज्याला राहवत नाही, असा माणूस ती पेनड्राइव्ह दोन दिवस कपाटात ठेवून शांत झोपेल?

पण हे सांगायचं कुणाला? आणि सांगणार कोण, तर मोतीलाल. बरं, निंबाला तोंडावर विचारलं असतं तर तो मेला असता पण कबूल झाला नसता. मोतीलालांनी रात्रीच्या जेवणापर्यंत विचार केला आणि मग जेवणात वांगी बघून हसले. बायकोला वाटलं, म्हातारपण.

गुरुवारी चार वाजता सभागृहाच्या ओसरीत समिती बसली. अध्यक्ष आशाबाई, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांच्यापुढे चाळिशीची माणसंही हात मागे बांधून उभी राहतात. शेजारी निंबा वही घेऊन. दोन सभासद होते, ते चहासाठी आले होते. पायऱ्यांवर पंधरा-वीस लोक जमले, त्यांत रितेशही मोबाइल उभा धरून बसला होता. तृप्ती खांबाला टेकून उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

निंबाने वहीतून वाचून दाखवलं की प्रेक्षकांची मतं चांगली नाहीत, लोक अर्ध्यातून उठले, शिवाय या सिनेमाला शेवटच नाही असं दिसतं, त्यामुळे सभागृह देता येत नाही. आशाबाईंनी विचारलं की शेवट नाही हे कुणी ठरवलं? शेवट तर दाखवलाच नाही ना? निंबा म्हणाला की बाई, सुरुवात अशी आहे त्यावरून समजतं. त्याच रविवारी एका बारशाचाही अर्ज आलाय.

आशाबाईंनी चष्मा काढून पुसला. त्यांचं म्हणणं साधं होतं. न वाचता पेपर तपासायची सवय त्यांना नव्हती. “घरचं माणूस सोडून कोणी एकाने हा सिनेमा शेवटपर्यंत बघितला असेल आणि शेवट आहे म्हणून सांगेल, तर रविवारी किल्ली पोरीला. कोणीच नसेल तर बारसं. बोला.”

कोण बोलणार? नऊ मिनिटं कुणी बघितलीच नव्हती. रितेशने मोबाइल सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून फिरवला. निंबा वहीत बघत होता. तृप्तीने ओठ दाबून धरले होते. रडणारी ती नव्हती, पण भांडायला समोर कुणी उरलं नव्हतं. निंबाने पेन उघडलं आणि बारशाच्या अर्जावर टेकवलं.

तेव्हा मोतीलाल काठी टेकत उठले. मी घरचा, माझं मत धरू नका, म्हणाले, पण किल्ली जायच्या आधी शेवट काय होता एवढं तरी लोकांना कळू द्या. आशाबाई म्हणाल्या की दोन मिनिटं देते, आणि त्यात केळीचा खांब येता कामा नये.

“नाही येणार,” मोतीलाल म्हणाले. “तर ऐका. तार तुटलेली, माग चालू राहिलेला. पोरगी काय करते? पोरगी पदर खोचते आणि पुढे होऊन झटकन गाठ मारते.”

तृप्तीने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. ज्या शेवटासाठी ती चार दिवस गावाशी भांडली, त्यात असं काहीच नव्हतं. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात आजोबांच्या काठीचं टोक तिच्या पायाच्या अंगठ्यावर येऊन बसलं, चांगलं वजन देऊन. ती गप्प राहिली.

मोतीलालांनी आवाज चढवला, म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंत पोचवला. गाठ बसते, आणि सहा नंबर खूश होऊन दुप्पट वेगाने चालायला लागतो. त्यातून जरीची पैठणी निघते. निंबाने मान वर केली. पॉवरलूमवर, साध्या बिनजरीच्या सुतावर, पैठणी. त्याने चष्मा कपाळावर सरकवला. मोतीलाल पुढे निघाले होते. पैठणीच्या पदरातून साक्षात देवी उतरते, म्हणाले, चार हातांची, आणि चारही हातांत सुताच्या कांड्या. पायऱ्यांवर लोक हसायला लागले. रितेशने मोबाइल मोतीलालांवर धरला. मग बाहेर बँड वाजतो. बँडमध्ये क्लॅरिनेट कोण वाजवतं माहीत आहे का? मीच, म्हणजे चौकीदार, कारण चौकीदार दोन ठिकाणी असू शकतो, सिनेमा आहे. हळूहळू मेन स्विच आपोआप वर जातो, सहाही माग गाऊ लागतात…

एका सभासदाने दुसऱ्याला विचारलं की एवढं सगळं नऊ मिनिटांत बसवलं? दुसरा म्हणाला, देवीचा भाग चांगला वाटतो, दाखवायला हरकत नाही. निंबाने पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. खुर्चीवर तो पुढे सरकला होता. मोतीलालांनी मुद्दाम त्याच्याकडे पाहिलं नाही, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून सगळं टिपत होते. हा चेहरा त्यांनी चाळीस वर्षं बघितला होता. समोर तुटलेली तार, माग चालू, फाट लांबत चाललेली, आणि हँडल दुसऱ्याच्या हातात.

म्हणून त्यांनी आणखी थोडी फाट पाडली.

“आणि सगळ्यात शेवटी,” ते म्हणाले, “कारखान्याचं दार धाडकन उघडतं. बाहेर अख्खा सिंधीपुरा हार घेऊन उभा. पोरगी हसत हसत बाहेर येते, मी तिला पेढा भरवतो, मागे सहा नंबर खट्टाखट् खट्टाखट् वाजतोच आहे, थांबायचं नाव नाही, आणि तिथे…”

“खोटं,” निंबा म्हणाला.

त्याची खुर्ची मागे पडली होती. उजवा हात पुढे आला होता, बोटं वळलेली. वही खाली पडल्याचं त्याला कळलं नाही. आशाबाई चष्म्यावरून त्याच्याकडे बघत होत्या, पायऱ्यांवरचं हसणं बंद झालं होतं, आणि तो थांबायच्या पलीकडे गेला होता.

“साफ खोटं बोलू राहिला हा, बाई. पोरगी गाठ मारतच नाही. ती मोबाइल मागाच्या चौकटीवर ठेवते आणि मागे सरकते, नुसती तिची सावली दिसते. गाठ तू मारतोस, मोत्या, तूच, डाव्या हाताने, आणि तीसुद्धा ढिली. कसली पैठणी, कसला बँड आणि कुठलं दार. गाठ बसल्याबरोबर सहा नंबर थांबतो आणि तू त्याच्याजवळ उभा राहतोस, आणि काही वाजत नाही. माग नाही, पक्षी नाही, रस्त्यावरची रिक्षा नाही, कोणाचा श्वाससुद्धा नाही. सात मिनिटं, बाई. पुरी सात मिनिटं. मी घड्याळ लावून बसलो होतो.”